बिछायत टाकायची आहे? आधी पंचांग उघडा

पोळा झाला की दरवर्षी दोन-चार पोरं माझ्या दुकानी येऊन बसतात. सोयाबीन शेंगांवर असतं, हाताला काम नसतं, डोक्यात बिछायतीचा, म्हणजे लग्नकार्याला मांडव, खुर्च्या, भांडी भाड्यानं देण्याचा धंदा असतो. प्रश्न ठरलेला: "भाऊ, बिछायत टाकाची आहे. खुर्च्या किती घेऊ?"

खुर्च्यांचं मी शेवटी सांगतो. आधी विचारतो, घरी पंचांग आहे का?

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका गावात मी २२ वर्षांपासून हा धंदा करतो. सुरुवात एक कनात, ६० खुर्च्या आणि मामाच्या घरून आणलेले दोन गंज (मोठी पातेली) एवढ्यावर झाली. पहिली नऊ वर्षं उन्हाळाभर झोप नव्हती, एकही दाट तिथी रिकामी गेली नाही, आणि आषाढ लागला की खिसा होता तिथंच. काम कमी पडत नव्हतं. आजचं लग्न पार पाडणं हे एक काम आणि पुढच्या सालचा धंदा उभा करणं हे दुसरं. मी दोन्ही एकाच दिवशी करायला जायचो आणि दुसरं रोज राहून जायचं. आपल्या धंद्यात या दोन कामांचे महिने पंचांगानंच वेगळे काढून दिलेत, हे कळायला मला नऊ वर्षं लागली. तुम्हाला एवढी लागू नयेत म्हणून हे लिहितो आहे.

वर्ष भिंतीवर मांडा

मोठा ड्रॉइंग पेपर घ्या, बारा महिने आखा. लाल पेनानं लग्नतिथी. तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि आषाढी एकादशीला संपतात. मध्ये डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मासाची फट. खरी गर्दी चैत्र, वैशाख, ज्येष्ठात.

पण दरवर्षी सारखं नसतं, आणि नवीन माणूस इथंच फसतो. २०२४ च्या मे-जूनमध्ये गुरू आणि शुक्र दोन्ही अस्ताला गेले. ऐन हंगामात मुहूर्त जवळपास नाहीत. कोणी गौण मुहूर्तावर लग्न उरकलं, बाकीच्यांनी पुढं ढकललं. आमच्या भागात एका पोरानं त्याच साली नवीन स्टेज उचललं होतं, बँकेचा हप्ता मे महिन्याच्या भरवशावर. २०२६ चं पंचांग बघा: १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. तो सरल्यावर पुन्हा तिथी आहेत खऱ्या, पण तेव्हा पेरणी. पाऊस पडल्यावर तिफण सोडून मांडवात कोण बसतो? अधिक महिना साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, म्हणजे तो अचानक येणारा पाहुणा नाही. कर्ज घेण्याआधी, माल घेण्याआधी पुढच्या दोन सालांचा अंदाज घ्या. गावातल्या गुरुजींकडे अर्धा तास बसलात तरी पुरतं.

निळ्या पेनानं मुहूर्ताबाहेरची कामं लिहा. आपल्याकडे गावोगावी बौद्ध समाजाची घरं आहेत. त्यांच्या लग्नाला मुहूर्त लागत नाही. रविवार, सुटी, पाहुण्यांची सोय बघून तारीख ठरते. मुसलमान समाजात रमजान आणि मोहरम सोडले तर वर्षभर कामं निघतात, आणि हे महिने दरवर्षी ११ दिवसांनी मागं सरकतात, तेवढं लक्षात ठेवा. शिवाय साक्षगंध, बारसं, भागवत सप्ताह, गणपती, दुर्गादेवी. आणि तेरवी. तेरवीचं काम घ्यायला नवीन पोरं लाजतात. लाजू नका. तेरवीला तुम्ही वेळेवर पाल टाकली, पैशासाठी तगादा लावला नाही, तर त्या घरचं पुढचं लग्न दुसरीकडे जात नाही.

हिरव्या पेनानं गिऱ्हाइकाच्या हातात पैसा कधी येतो ते. सोयाबीन दसरा-दिवाळीच्या आसपास, कापूस दिवाळीपासून माघ-फाल्गुनापर्यंत वेच्यावेच्यानं, तूर जानेवारीपासून. भंडारा-गोंदियाकडे धान, वरुड-मोर्शीकडे संत्रा. लाल आणि हिरवं एकमेकांवर कुठं बसतं, कुठं बसत नाही, ते बघून इसार किती घ्यायचा हे ठरतं. मे महिन्यात शेतकऱ्याकडं माल नसतो, असतो तो ठेवलेला पैसा. तो कूलरवाल्याला, सोनाराला, कपडेवाल्याला आधी जातो.

दोन वह्या

पहिली तिथीची वही. एका लग्नाला एक पान. कोणाचं लग्न, कुठल्या गावी, पाहुणे किती, इसार किती, सामान काय, गाडी कोणती, घरचा जबाबदार माणूस कोण. ही सगळेच ठेवतात.

दुसरीला आमच्याकडे चातुर्मासाची वही म्हणतात. हे नाव माझ्या बायकोनं ठेवलं, कारण मी हंगामात काहीही सुचलं की लगेच करायला धावायचो. उन्हाळ्यात कोणीतरी म्हणालं की फुग्यांची कमान चालते, की मी यवतमाळला जाऊन मशीन घेऊन यायचो. ती म्हणाली, "आता नोका करू, लिहून ठेवा. चातुर्मासात पाहू."

नियम एवढाच. हंगामात नवीन काही ठरवायचं नाही, घ्यायचं नाही, फक्त लिहायचं. रात्री गाडी परत आली की चार ओळी: आज काय मोडलं, काय कमी पडलं, कोणती ऑर्डर नाकारली आणि का, गिऱ्हाइकानं काय मागितलं जे आपल्याकडं नव्हतं. हात मळलेले असले तरी, अक्षर वाकडं आलं तरी. मोबाइलवर बोलून रेकॉर्ड केलं तरी चालतं, पण मग दर आठवड्याला ते वहीत उतरवा, नाहीतर तीनशे रेकॉर्डिंग जमतात आणि कोणी ऐकत नाही.

वहीचा उपयोग सांगतो. एका साली माझी फार इच्छा होती, सिंहासनाचं नवीन स्टेज घ्यायचं. श्रावणात वही उघडली. स्टेज जुनं म्हणून परत गेलेलं गिऱ्हाईक एक. कूलर नाहीत म्हणून गेलेली काही मोजता येत नव्हती, जवळपास प्रत्येक पानावर कूलर. स्टेज राहिलं, जंबो कूलर घेतले. एप्रिल-मेमध्ये ४४-४५ डिग्रीत म्हातारी माणसं मांडवात टिकवायची तर सिंहासनापेक्षा कूलर लागतो, हे समजायला वही कशाला हवी, असं तुम्ही म्हणाल. पण मला हवी होती.

रोजचं काम: इथं चूक परवडत नाही

वाढीच्या गोष्टी तेव्हाच, जेव्हा आजचं लग्न नीट उठतं. म्हणून हा भाग लांब आहे.

इसार घेतानाच वयाचा दाखला मागा. मुलगी १८, मुलगा २१. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ प्रमाणे लग्न लावणाऱ्याला आणि त्याला हातभार लावणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मांडववाला, आचारी, बँडवाला, सगळे त्यात ओढले जातात. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास विशेष सांभाळा. शंका आली तर गावचा ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) आहे, मुलांसाठीची १०९८ हेल्पलाइन आहे. गिऱ्हाईक चिडलं तर चिडू द्या. ज्याच्या घरी काही लपवायचं नाही तो आधारकार्ड दाखवायला खळखळ करत नाही.

मग यादी. तोंडी यादी कधीच नाही. "तुमाले मालूमच आहे ना भाऊ, दरवेळी जे लागते ते" या वाक्यावर माझं जेवढं नुकसान झालं तेवढं वादळानं केलं नाही. खुर्च्या, गाद्या, सतरंज्या, तक्के, गंज, कोपर, बादल्या, झारे, पाण्याच्या टाक्या, पंखे, कूलर, हॅलोजन, वायर. प्रत्येकासमोर आकडा, खाली सही. सामान उतरवताना घरचा एकच माणूस मोजून घेईल आणि परत देताना तोच मोजून देईल. नवरदेवाचा बाप नको. त्याला त्या दिवशी स्वतःचं नाव आठवत नाही. चुलता बरा, जावई सगळ्यात वाईट.

भांड्यांवर नाव कोरून घ्या आणि रंगाचा पट्टाही मारा. नाव वाचायला भांडं उलटं करावं लागतं, पट्टा लांबून दिसतो. दोन मांडवांचे गंज एकाच विहिरीवर घासायला गेले की पट्ट्याचं मोल कळतं.

मांडव कुठं टाकायचा हे घरमालक सांगतो, पण ठरवायचं तुम्ही. विजेच्या तारेखाली लोखंडी पाइप उभा करायचा नाही, कितीही आग्रह झाला तरी. जुन्या झाडाखाली नाही. ९ एप्रिल २०२३ ला अकोला जिल्ह्यातल्या पारस इथं वादळात जुनं कडुनिंबाचं झाड टिनाच्या शेडवर पडलं आणि पावसापासून आडोशाला उभी असलेली सात माणसं गेली. तेव्हापासून सावलीच्या लोभानं कोणी निंबाखाली मांडव टाका म्हटलं की मी सरळ नाही म्हणतो. छताचं कापड सरकगाठीनं बांधा, म्हणजे वारा सुटला की दोन माणसांना झटपट उतरवता येईल. कापड गेलं तर नवीन येतं, पण कापडात वारा भरला की ते बल्ल्या घेऊन उडतं. फोनवर हवामान खात्याचा अंदाज आणि विजेसाठी दामिनी ॲप रोज दुपारी बघायचं काम एका पोराला नेमून द्या.

वीज. आकडा टाकून लायटिंग करणं गावात सर्रास चालतं, म्हणून ते बरोबर ठरत नाही. महावितरणकडून तात्पुरती जोडणी घेता येते. अर्ज घरमालकाच्या नावानं, पण पाठपुरावा तुम्हीच करा, तोही आठ-दहा दिवस आधी. जनरेटर असला तर पंगतीकडं वारा ज्या बाजूनं येतो तिकडं तो नको, धूर सगळा वरणात उतरतो. डीजे तुमचा नसला तरी रात्री १० नंतर भोंगा बंद हे यादीवरच लिहून ठेवा. पोलीस आले की ते आधी मांडववाल्याला शोधतात.

जेवणाचं काम पहिल्या दोन साली घेऊ नका, असं माझं मत. घेतलंच तर एफएसएसएआयची (अन्नसुरक्षेची) नोंदणी करा, घरगुती लाल सिलिंडर वापरू नका, १९ किलोचा व्यावसायिक घ्या. आणि उन्हाशी खेळू नका. पत्रिकेत लग्न १२ वाजताचं असतं, लागतं अडीचला. वरात पारावर नाचत असते आणि इकडं गंजातला भात उतरतो. म्हणून आचाऱ्याला पत्रिकेतली वेळ सांगायची नाही. वरात मारुतीच्या देवळापासून निघाल्याचा फोन आला की पुऱ्या तळायला घ्यायच्या. वरण, आलू-वांग्याची भाजी, पातोडीचा रस्सा वाफाळता राहिला पाहिजे. मठ्ठा, श्रीखंड असलं काही असेल तर बर्फावर. मधलं कोमट अन्न मे महिन्यात तासाभराच्या वर ठेवायचं नाही. सकाळच्या पंगतीचा उरलेला भात रात्रीच्या पाहुण्यांना वाढायचा नाही, वधूपिता स्वतः म्हणाला तरी. बासुंदी मी उन्हाळ्यात करतच नाही, बुंदी करतो. एका लग्नात विषबाधा झाली की तुमचं नाव पुसायला पाच हंगाम पुरत नाहीत.

बाजाराच्या दिवशी शिडीवर चढायचं नाही

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वैशाखातला मंगळवार, आमच्या बाजाराचा दिवस. मी झालर बांधायला शिडीवर. शेजारच्या तालुक्यातले एक काकाजी आले, पांढरी टोपी, हातात पिशवी. खालून म्हणाले, "चार लगनं आहेत घरात, दोन सख्ख्या, दोन चुलत. माघात. भाव सांगता का?" मी वरूनच म्हणालो, "काकाजी, दोन दिवसांनी या, आता तिथी आहे." ते मान हलवून गेले. दोन दिवसांनी कोण येतं? माघात ती चारही लग्नं दुसऱ्याच बिछायतवाल्यानं केली, आणि त्यातलं एक तर आमच्याच गावात होतं. झालर मात्र छान बांधली होती मी.

त्या दिवसापासून नियम केला. हंगाम कितीही पेटलेला असो, आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळी १० ते ३ मी दुकानी बसतो. अंगात स्वच्छ सदरा, समोर तिथीची वही, माठातलं थंड पाणी. बाजाराला २५-३० गावं येतात. लग्न ठरलेला माणूस किराण्याचा भाव काढतो, कापडाचा काढतो, बिछायतीचाही काढतो. त्यात साक्षगंध झालेलं घर पुढच्या सालचं गिऱ्हाईक असतं. रणनीती वगैरे मोठे शब्द ऐकू येतात हल्ली. माझ्यापुरती ती या पाच तासांत बसते. बाकी सहा दिवस आणि त्या दिवशी तीननंतर मी शिडीवर असलो तरी हरकत नाही.

त्या दिवशीच तिथी पडली तर? तर ते लग्न दुसऱ्यानं उभं करायचं. म्हणून पुढची पायरी.

एकेक काम हातातून सोडा

सगळं एकदम सोडता येत नाही, आणि सोडलं तर मांडव पडतो. माझा क्रम असा होता. पहिल्या साली गाडी भरणं आणि मोजणं सोडलं. यादी लिहिलेली असते, मोजणाऱ्याला फक्त खूण करायची. दुसऱ्या साली मांडव उभा करणं. त्यासाठी एका पोराला पूर्ण हंगाम माझ्यासोबत ठेवलं आणि अर्ध्या मांडवांत मी मुद्दाम उशिरा पोचलो. त्यानं बांधलेली पहिली कमान तिरपी होती. मी सोडली तशीच. नवरीच्या भावानं टोमणा मारला, पोराला लाज वाटली, पुढची सरळ आली. तिसऱ्या साली गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन जागा मोजणं. पैसे घेणं मात्र अजूनही माझ्याकडं किंवा बायकोकडं.

मजुरांचं गणित हंगामानुसार बदलतं. मार्गशीर्षात आणि माघात माणूस कापूस वेचायला जातो, त्याला तिथं रोज जास्त मिळतो. चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाकडे धंदा असेल तर मार्च-एप्रिलात मोहफूल आणि मेमध्ये तेंदूपत्ता. ऐन लग्नाच्या दिवसांत गावं पहाटेच जंगलात असतात. तिथल्या बिछायतवाल्यानं मांडव दुपारनंतर बांधायची सवय लावली तर माणसं मिळतात. माझी चार माणसं बारमाही आहेत. त्यांना चातुर्मासातही आठवड्याचे तीन दिवस काम देतो: धुणं, शिवणं, रंग. त्यात नफा नाही. पण वैशाखातल्या दाट तिथीला ती दुसऱ्याच्या गाडीवर दिसत नाहीत.

पैसा: चुकाऱ्याची वाट बघू नका

"कापसाचा चुकारा आला का देतो, पयले मांडव तर टाका." हे वाक्य खोटं नसतं. चुकारा, म्हणजे विकलेल्या मालाचा पैसा, खरंच अडकलेला असतो. पण डिझेलवाला चुकाऱ्यावर थांबत नाही. समजा काम ४०,००० चं आहे. १०,००० इसार तारीख लिहिताना, २०,००० सामान उतरवताना, बाकी १०,००० मांडव सोडायच्या आधी. मांडव सुटला की गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढून तुम्ही पण सुटता. अगदी जवळच्या घरी उधारी द्यावी लागते, तेव्हा ती वहीत लिहून, तारीख बोलून द्या. आणि एका हंगामात अशी घरं चार-पाचच्या वर जाऊ देऊ नका.

मजुरी आणि डिझेल काढून जे राहतं त्यातले शंभरातले १५ दुरुस्तीला आणि १० वाढीला मी वेगळ्या खात्यात टाकतो, त्याच रात्री. हे आकडे माझ्या धंद्याचे, तुमचे वेगळे निघतील. पण त्याच रात्री टाकायचे, हे सगळ्यांना लागू. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात काहीतरी निघतंच.

कर्ज. नवीन धंद्यासाठी पीएमईजीपी (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम) आहे: सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंतचा प्रकल्प, ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग अशांना ३५ टक्के अनुदान. स्वतःचे १० टक्के, विशेष गटाला ५ टक्के. पाच लाखांच्या वरच्या प्रकल्पाला आठवी पास लागतं. आधीपासून चालू असलेल्या धंद्याला मिळत नाही, म्हणून सामान घेऊन बसण्याआधी अर्ज करा. छोट्या रकमेला मुद्रा आहे. उद्यम नोंदणी फुकट आहे, तिचे पैसे मागणाऱ्याला देऊ नका. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो आणि आपली कमाई तशी येत नाही, हे मॅनेजरला तोंडावर सांगा. हप्ता हंगामाप्रमाणे बसवून देतात का विचारा. नाही म्हणाले तर मे-जूनमध्येच चातुर्मासाचे चार हप्ते बाजूला काढा.

वर्षाची एकूण आवक २० लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, मांडवाच्या सेवेवर १८ टक्के. त्या आकड्याच्या जवळ आलात की सीएकडं जा, ओलांडल्यावर नाही.

चातुर्मासात काय करायचं

आषाढात आधी धुणं आणि वाळवणं, ओली गादी घडी करून ठेवली तर दिवाळीला काळी निघते. उंदरांसाठी गोदामाची भोकं बुजवा. कूलरमधल्या वाळ्याच्या ताट्या काढून टाका, मोटारी वेगळ्या बांधून ठेवा. मोडकं काय, किती, याचा आकडा घ्या.

श्रावणात वही उघडायची. एकटं नाही. बायको, तो मांडव बांधणारा पोरगा आणि एखादा बाहेरचा माणूस, माझ्याकडं एक निवृत्त शिक्षक बसतात. पानं वाचायची आणि रेघा मारायच्या: काय वारंवार मोडलं, काय वारंवार मागितलं गेलं, कोणत्या गावाहून एकही ऑर्डर आली नाही. दोन दिवस लागतात. मग एका सालात एकच नवीन गोष्ट. कूलर घेतले त्या साली दुसरं काही नाही. त्यानंतरच्या साली स्टीलच्या ताटांचा संच, कारण प्लास्टिकच्या पत्रावळी लोकांना नको झाल्या होत्या. त्यापुढे हळदीचा पिवळा सेट. दोन गोष्टी एकदम आणल्या की दोन्हींना माणूस पुरत नाही आणि दोन्हींवर धूळ बसते.

हळदीचं का, तेही सांगतो. गावातलं लग्न आता तालुक्याच्या लॉनवर जाऊ लागलंय. लॉनवाल्याची स्वतःची खुर्ची, स्वतःचं स्टेज. बिछायतवाला म्हणतो, धंदा बसला. वहीत बघितलं तर लग्न गेलं होतं खरं, पण मांडवाचा दिवस, हळद, नवरदेवाकडचं रिसेप्शन घरासमोरच होत होतं. पाहुणे दीडशे-दोनशे, पैसे बरे, ताण कमी. तिकडं वळलो.

स्वतःचं लॉन काढू का, असंही बरीच पोरं विचारतात. शेत रोडटच, म्हणजे रस्त्याला लागून आहे म्हणतात. जमीन अकृषक करणं, पार्किंग, पाण्याची बोअर, संडास, आणि वर्षातले जेमतेम दीड-दोन महिने भरलेलं. पहिल्या पाच सालांत त्याचं नाव काढू नका. दहाव्या साली वहीच सांगेल.

भाद्रपदात राहिलेली वसुली. गणपती, नंतर दुर्गादेवीच्या मंडळांची कामं. मंडळांशी भाव आधी ठरवा, आणि अध्यक्षाकडूनच पैसे घ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांकडून नाही. दसऱ्याला गाडीची पूजा. मग पुढच्या पंचांगावर लाल पेन घेऊन बसायचं.

आता खुर्च्या

दोनशे घ्या. एवढ्यावर हळद, तेरवी, साक्षगंध निघतात. मोठं लग्न आलं तर शेजारच्या गावच्या बिछायतवाल्याकडून चारशे भाड्यानं आणा. तो तुमचा वैरी नाही. दाट तिथीला त्याच्याही मागं गर्दी असते, म्हणून आषाढातच त्याच्याकडं चहाला जाऊन भाव आणि माणसं ठरवून ठेवा.

आणि रंग त्याच्यापेक्षा वेगळा घ्या. त्याच्या लाल असतील तर तुमच्या निळ्या. वर पांढरं कव्हर चढवलं की मांडवात सगळ्या सारख्याच दिसतात, आणि रात्री दोन वाजता ट्रॉलीत चढवताना कोणाची कोणती यावरून भांडण होत नाही.